छत्र धरलेला ट्रक आणि सिधोजीरावांची रजा

श्रीगजानन प्रसन्न, श्रीकुलस्वामिनी प्रसन्न, आणि चार्जरावरील हिरवा दिवा सदैव प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी दौलतीत जे वर्तले ते ज्यांनी पाहिले त्यांचे तोंडून ऐकोन, आणि ज्यांनी न पाहता पाहिल्याचे सांगितले त्यांचे गाळोन, येथे लिहिले असे. दौलतीचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, आणि लिहिणारास आग्रहही नाही.

ते समयी दौलतीचे सरलष्कर सिधोजीराव कानवडे म्हणोन होते. माणूस मातबर, परंतु थकला. गुडघे गेलेले, कंबर धरलेली, दरबारात उभे राहोन पाय सुजावे आणि बिऱ्हाडी येऊन खाटेवर पडावे तो पुन्हा बोलावणे यावे. त्यांचे कुटुंब मैनाबाई गावी होत्या. त्या दर सणास जासुदाकरवी पुसत, "येता कधी?" आणि सिधोजीराव दर सणास सांगोन पाठवीत, "येतोच." असे करिता करिता दोघांचेही केस पिकले. रजेचे नाव काढावे तर श्रीमंतांनी म्हणावे, "एवढे काम उरको." मग ते काम उरकावे आणि मागे दुसरे उभे असावे. दौलतीत कामांची वाण कधी पडली नाही, विश्रांतीची मात्र कायमची होती.

तशात श्रीमंतांनी रिमोटावर चालणारा एक ट्रक आणविला. आकाराने मांजराएवढा, परंतु चाके दांडगी आणि मोटर तिखट. दिवाणखान्यात गालिच्यावर तो चालवून श्रीमंत संतोष पावत आणि मानकरी वाहवा करीत. तो पैलतीरच्या राज्यातून निमंत्रण आले की नदीपलीकडील माळावर ऐशा ट्रकांची शर्यत मांडिली आहे, आपणही यावे. श्रीमंतांनी दरबार भरविला आणि सिधोजीरावांस पुढे बोलावून आज्ञा केली, "ट्रक तुम्ही सिद्ध करावा आणि तुम्हीच हाकावा. शर्यत पुरी कराल त्या दिवशी रजा. कायमची."

सिधोजीरावांचा कानांवर विश्वास बसेना. ते बोलिले, "महाराज, जिंकावी लागेल काय?"

"पहिलीच वेळ आहे," श्रीमंत बोलिले. "पुरी झाली तरी पुष्कळ."

सिधोजीरावांनी मुजरा केला आणि ते शब्द मनात घट्ट धरिले. मग ट्रक कारखान्यात नेऊन उघडिला तो आत सगळा गोंधळ. गालिच्याची लोकर आसाभोवती गुंडाळोन दोरखंड जाहला होता, स्प्रिंगांमधील नळ्यांतले तेल गळोन गेले होते, आणि टायर रिमांवरोन निसटत होते. सिधोजीरावांनी चष्मा लाविला आणि चिमट्याने लोकर उपसली, मग तेल भरिले, मग टायरांस गोंद लाविला आणि त्या गोंदाने पगडीचा शेमला बोटांस चिकटला तो कात्रीनेच सुटला. मोटरेचे दाते मोठ्या चक्राशी भिडवावयाचे तर दोहोंमध्ये कागदाची पट्टी घालोन भिडवावे, मग पट्टी काढावी, म्हणजे फार घट्ट नाही आणि फार सैल नाही असे अंतर राहते. हे त्यांनी कोणा व्हिडिओत पाहिले होते. पट्टी घालावी, स्क्रू आवळावा, तो स्क्रू हातातून उडोन पेटाऱ्याखाली जावा, आणि सरलष्करांनी त्या गुडघ्यांवर भुई चाचपावी. कोणी म्हणे, "रावसाहेब, माणूस लावा." सिधोजीराव म्हणत, "माणूस लाविला म्हणजे त्याच्यावर देखरेख आली. त्यापेक्षा वाकलेले बरे."

कारखान्यात शांतता असती तरी निभावले असते. परंतु राजाचा ट्रक म्हटल्यावर जो तो शहाणपण घेऊन येऊ लागला. जोशीबुवा आले आणि चार्जिंगास मुहूर्त काढिला. तो दुपारच्या उन्हात निघाला आणि बॅटरी अंडे उकडावे ऐशी तापली. मुदपाकखान्याचे अधिकारी आले आणि दात्यांस साजूक तूप लावा म्हणो लागले. चिताऱ्यास बोलाविले, कारण वरचे टपाचे कवच पारदर्शक असोन त्यास रंग आतून द्यावयाचा असतो, म्हणजे दगड लागला तरी खरवडत नाही. चितारी रुसला आणि बोलिला, "पोटातून रंग फासावयास मी काय कल्हईवाला?" त्याची समजूत काढण्यात सबंध दिवस गेला.

आणि सर्वांवर कळस गंगोबा दिवाणांनी केला. दिवाण चांदीचे छत्र घेऊन आले, लिंबाएवढे, मोत्यांच्या झालरीचे, लांब दांड्याचे. बोलिले, "श्रीमंतांचे वाहन बिनछत्राचे जाईल काय? पैलतीरचे लोक हसतील."

सिधोजीरावांनी छत्र टपावर बसविले, ट्रक अंगणात सोडिला आणि वळण दिले. ट्रक कलंडला. पुन्हा सोडिला, पुन्हा कलंडला.

"पाहिलेत? डोके जड होते," सिधोजीराव बोलिले. "छत्र राहील तर ट्रक राहणार नाही."

"मग वळू नका!" दिवाण बोलिले.

"दिवाणजी, मैदान वाटोळे आहे."

दिवाण पाय आपटीत गेले. मग सिधोजीरावांनी दरबारात शर्यतीची रीत समजावून सांगितली की तेथे ट्रक पालथा पडला तर हाकणाराने आपल्या उंच माच्यावरोन हलावयाचे नसते; ज्यांची पाळी आधी उरकली असे गडी वळणावळणांवर उभे असतात, ते येऊन ट्रक सुलटा करितात, आणि मग पुढे हाकावयाचे. परंतु त्या वेळी छत्राच्या झालरीस मोती असावे की पोवळी यावर वाद माजला होता, आणि सिधोजीरावांचे बोलणे कोणी ऐकिले नाही. दोनदा सांगण्याचे त्राण त्यांसही नव्हते.

शर्यतीच्या दिवशी सबंध दरबार नदी उतरोन माळावर गेला. श्रीमंत पालखीत, मागे मानकरी, मागे नगारा, मागे फराळाच्या टोपल्या. सिधोजीराव शिडी धरोन, प्रत्येक पायरीस एक उसासा टाकून, फळ्यांच्या माच्यावर चढले आणि रिमोट हाती घेऊन पाहतात तो खाली रेघेवर उभ्या ट्रकावर छत्र झळकते आहे. दिवाणांनी सकाळी गुपचूप स्क्रूने आवळून बसविले होते. सिधोजीरावांनी ओरडावे तो शिट्टी जाहली आणि ट्रक सुटले.

पहिली फेरी सिधोजीरावांनी इतकी सावकाश घेतली की बाकीचे ट्रक दोन बाजूंनी निघोन गेले. दुसरीही गेली. घामाने रिमोट निसटत होता, मनात एकच होते की आणिक थोडे, मग घर. तो तिसऱ्या फेरीस मोठ्या वळणावर वाळू सरकली, छत्राने झोक घेतला आणि ट्रक चारी चाके वर करोन उताणा पडला.

आता या दौलतीत वडिलांपासोन एक चाल होती. रणात सरदार हत्तीवर दिसेनासा जाहला की फौजेने उभे राहावयाचे नाही. का पडला, उठतो की काय, हे पुसावयाचे नाही. निशाण गुंडाळावयाचे आणि निघावयाचे. ऐशा रीतीने दौलतीने कित्येक लढाया गमाविल्या होत्या, तरी चाल मोडिली नव्हती. दिवाणांनी चाके वर पाहिली आणि किंकाळी फोडिली, "घात जाहला! ट्रक पडला! पळा!" मग काय पुसता. पालखी आधी उठली, मग नगारा, मग जोशीबुवा धोतर सावरीत, मग फराळाच्या टोपल्या वाटेत सांडीत. बघता बघता नदीच्या उताराला फौज धुळीत नाहीशी झाली.

सिधोजीरावांसही पळावयाचेच होते. रीत ती रीत. त्यांनी शिडीकडे पाहिले, गुडघ्यांकडे पाहिले, आणि त्यांस पळण्याचा मनस्वी कंटाळा आला. ते होते तेथेच उभे राहिले. ट्रकाची चाके आकाशाकडे भिरभिरत होती आणि सिधोजीरावांचे डोळे भरोन आले. मैनाबाईंस पुन्हा काय सांगोन पाठवावे? येतोच?

तो वळणावर उभी असलेली पैलतीरची सरदारीण हिराऊबाई पुढे आली. तिची पाळी सकाळीच उरकली होती. तिने एका हाताने ट्रक उचलिला, तेव्हा छत्र मोडोन तिच्या मुठीत आले. तिने ट्रक चाकांवर ठेविला आणि माच्याकडे बघोन हाक दिली, "अहो रावसाहेब! हाका की! वाट कुणाची बघताय?"

"पण तो पडला होता," सिधोजीराव बोलिले.

"पडला हुता, आता उभा हाय. हाका!"

"आणि छत्र?"

"ऱ्हाऊ द्या. माझ्या पोरीच्या भावलीला हुईल."

सिधोजीरावांनी रिमोट दाबिला. छत्र गेल्याने ट्रक हलका जाहला होता, तो वळणांवर मुळीच डगमगेना. उरलेल्या फेऱ्या त्याने गुमान पुऱ्या केल्या आणि सर्वांत शेवटी, सर्वांच्या पुष्कळ मागोन, रेघ ओलांडिली. तेथील पंचांनी पुरी करणाराचा पितळी बिल्ला सिधोजीरावांच्या अंगरख्यास लाविला आणि सांगितले की आता रीतीप्रमाणे आपण वळणावर उभे राहावे. मग सिधोजीराव पुढील पाळीस वळणावर उभे राहिले आणि पडलेले ट्रक उचलीत राहिले. वाकावे, उचलावे, सोडावे. ट्रक पडे, कोणी सुलटा करी, ट्रक जाई. कोणी ऊर बडवीना, कोणी पळेना. सिधोजीरावांस वाटले की आपले अर्धे आयुष्य नाहक पळण्यात गेले.

ट्रक काखेस मारून ते दौलतीत परतले तो वेशीचे दरवाजे बंद, तटावर पहारे, आणि दरबारात सुतक. सिधोजीरावांनी बिल्ला दाखविला आणि शर्यत पुरी जाहल्याचे सांगितले. श्रीमंतांनी बिल्ला उलटासुलटा पाहिला आणि पुसिले, "आम्ही सर्व निघोन आलो. तुम्ही का नाही आला?"

"पाय चालेनात, महाराज."

"ऐका!" दिवाण उठोन बोलिले, कारण छत्राचा विषय निघण्याआधी काही बोलणे त्यांस अगत्याचे होते. "सबंध फौज फिरली आणि हा पुरुष एकटा ठाण मांडोन राहिला! वर म्हणतो पाय चालेनात! काय हा विनय! ऐसा माणूस दौलतीने सोडावा काय?"

दरबार गर्जला, "सोडू नये!"

श्रीमंतांचे डोळे पाणावले. बोलिले, "सिधोजीराव, रजा रद्द. तुम्हांस तहहयात सरलष्कर केले. पुढील शर्यत चैत्रात आहे."

मग सिधोजीरावांनी पगडी उतरोन गादीपुढे ठेविली, शेजारी रिमोट ठेविला, मुजरा केला आणि ते बाहेर पडले. लोकांस वाटले, आनंद आवरेना म्हणोन गेले. वेशीवर पहारेकऱ्यांनी पुसिले, "रावसाहेब, स्वारी कोठे?" ते बोलिले, "घरी." पहारेकऱ्यांनी थट्टा समजोन दरवाजा उघडिला.

उन्हे कलता बोभाटा जाहला की सरलष्कर पळाले. तत्क्षणी स्वार सुटले. पळालेला सरदार पुष्कळ लांब गेला असणार ऐसे धरोन ते भरधाव सीमेपर्यंत गेले, आणि कोणी न सापडता परतले. वेशीबाहेरच्या चिंचेखाली एक म्हातारा उघड्या डोक्याने गुडघे चोळीत बसला होता. स्वारांनी त्यास पुसिले, "आजोबा, इकडून कोणी पळत गेला काय?"

"पळत तर कोणी नाही गेला," सिधोजीराव बोलिले, आणि ते खरेच होते.

मग बसत, उठत, कोणाच्या बैलगाडीत, कोणाच्या टेम्पोत, ते गावी पोहोचले. मैनाबाई दारात शेंगा फोडीत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आलात व्हय," त्या म्हणाल्या. "आता परत कवा जायचं?"

"नाही जायचं."

"खरं?"

"खरं गं."

मैनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्या लगबगीने उठल्या, "बसा, पायाला ऊन पाणी आणते," म्हणोन आत गेल्या, आणि तांब्या घेऊन बाहेर येतात तो सिधोजीराव अंगणातल्या खाटेवर जोड्यांसकट झोपी गेले होते. त्यांनी जोडे काढिले, हळूच, आणि ऊन सरके तशी खाट सावलीत ओढीत बसल्या.

येणेप्रमाणे वर्तमान. दौलतीने पुढे नवा सरलष्कर नेमिला आणि नवे छत्र घडविले. श्रीमंत कुशल, दिवाण कुशल, ट्रक दुरुस्तीस. सिधोजीरावांची झोप दुसरे दिवशी उन्हे वर आल्यावर मोडली आणि मोडल्यावर त्यांस कोणी बोलाविले नाही. शाई उरली आहे, परंतु लिहिणाराचा हात थकला, सबब थांबतो.