भरलेला टेम्पो, रिकामं दुकान

मी विचार केल्याशिवाय पाऊल उचलत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नोकरी गेली तेव्हा मी शांत बसून विचार केला. बायको सोडून गेली तेव्हाही केला. आणि दोन्हींची बेरीज करून ठरवलं, की आता गावी परत जायचं, बाबांबरोबर दुकानात बसायचं आणि चाळिशी उलटल्यावर का होईना, पहिल्यापासून सुरुवात करायची. योजना इतकी पक्की होती की ती बिघडवायला घरचीच माणसं लागली. बाहेरच्याला ते जमलंच नसतं.

बाबांचं फोटोंना फ्रेमा करून द्यायचं दुकान. एकानं बसायचं, दुसऱ्यानं उभं राहायचं, तिसऱ्यानं उद्या यायचं, एवढीच जागा. भिंतीवर सगळे न नेलेले फोटो. कुणाची आजी, कुणाचा पदवी घेतलेला मुलगा, आणि एक नवरा-बायको, फ्रेम तयार होईपर्यंत ज्यांचं पटेनासं झालं होतं. जगात मला बसायला म्हणून आता तेवढी एकच जागा उरली होती. ती गेली असती तर मी कुठे जाणार होतो, देव जाणे.

आता आमच्या घरची रीत ऐका. बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही हो, सवय नाही इतकंच. पूर्वी मधे आई असायची, ती गेल्यावर आत्या आली. मी आत्याला सांगायचं, तिनं बाबांना सांगायचं, बाबा 'हं' म्हणणार आणि तो 'हं' आत्या माझ्याकडे आणून देणार. एका टेबलाशी बसलो असलो तरी हाच रस्ता. अडचण एकच. आत्याला वाईट बातमी सांगता येत नाही. दादाचं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून ती वाईट तेवढं गाळून उरलेलं पुढे देते.

मी तिला फोनवर सांगितलं, "आत्या, नोकरी गेली. बायको पण गेली. इथलं घर सोडतोय. आता मी आणि बाबा एकत्रच राहू. मी पुढे येतो, मागून टेम्पो येईल. बाबांना नीट समजावून सांग."

आत्यानं नीट समजावून सांगितलं. "दादा, तो म्हणतोय आता एकत्र राहायचं. स्वतः येतोय, आणि मागून टेम्पो पाठवतोय."

"हं," बाबा म्हणाले.

आणि आमच्या गल्लीत आजवर जो टेम्पो आला तो म्हाताऱ्यांना न्यायला आला. मुलं येतात, सामान चढवतात, दाराला कुलूप लावतात. भरलेला टेम्पो येऊन रिकामा होतो, हे तिथे कुणी पाहिलेलंच नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

मी पोचलो तर दुकानाचा बोर्ड खाली उतरलेला. आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "दादा म्हणतो, आता जुन्या बोर्डाचं काय काम?"

माझा ऊर भरून आला. म्हटलं, मुलाच्या नावाचा बोर्ड करायचा असेल, सांगवत नसेल.

दुसऱ्या दिवशी बाबा भिंतीवरचे फोटो पिशवीत भरून घरोघर वाटत निघाले. मी म्हटलं, वा, नव्या मालाला जागा करताहेत! त्या नवरा-बायकोच्या फोटोला मात्र दोन्ही घरांनी नकार दिला. तो आमच्या स्वयंपाकघरात आला. रोज जेवताना माझ्याकडे बघून हसायचे दोघं.

मग शेजारचा सुतार टेप घेऊन दुकानात मापं काढताना दिसला. नवं काउंटर, दुसरं काय?

"जरा उंच करा," मी म्हटलं, "मला कंबरेचा त्रास आहे."

"मग त्याचं मी काय करू?" तो म्हणाला.

"अहो, बसणार मी ना."

सुतार खूप हसला. मीही हसलो. माणूस मोकळ्या मनाचा दिसतोय, म्हटलं.

मग टेम्पो आला. मी आणि एक हमाल मागच्या बाजूनं माझं कपाट उतरवत होतो. ते आत ठेवून येतो, तर बाबा आणि दुसरा हमाल बाजूची फळी पाडून बाबांचा पलंग चढवत होते. आम्ही फ्रिज उतरवला, त्यांनी ट्रंक चढवली. आम्ही परत गेलो तर आमचंच कपाट पुन्हा टेम्पोत. टेम्पोवाला म्हणाला, "तुमचं ठरू द्या आधी, मी चहा पिऊन येतो."

"आत्या," मी म्हटलं, "बाबांना विचार, माझं कपाट परत का चढवलं?"

बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

"दादा, तो विचारतोय, कपाट का चढवलं?"

"त्याला सांग, दिसलं ते चढवलं. नेतोय ना मला? मग घरातलं काही मागे कशाला ठेवायचं?"

आत्या माझ्याकडे वळली, तोंड उघडलं आणि तशीच दाराच्या पायरीवर बसली. गाळून काही उरतच नव्हतं.

तेव्हा मीच बोललो. "बाबा, मी न्यायला नाही आलो. राहायला आलोय. माझी नोकरी गेली. मला दुकानात बसायचंय."

"कुठल्या दुकानात?"

"आपल्या."

बाबांनी हातातली खुर्ची हळूच खाली ठेवली. "ते सुताराला विकलं रे. सह्यासुद्धा झाल्या."

मला रागच आला. "पण तुम्हाला यायचं होतं का तिकडे?"

"छे. मी तिथे काय करू? सूनबाईचा फोन आला होता. म्हणाली, बाबा, तो आता एकटा आहे, लक्ष ठेवा. म्हटलं, जावं. दुकान काय, दुकानच आहे."

मला भर रस्त्यात रडू आलं. हमालांना वाटलं, कपाट पायावर पडलं.

संध्याकाळी बाबांना घेऊन सुताराकडे गेलो. हात जोडले. दुकान परत द्यायला तो तयार नव्हता, त्यानं लाकूड भरूनही टाकलं होतं. पण माणूस खरंच मनाचा चांगला निघाला. म्हणाला, "फ्रेमा मला जमत नाहीत आणि गिऱ्हाईक तर येणारच. मला एक माणूस हवाच आहे. उद्यापासून या."

मी शर्ट नीट केला. "किती वाजता येऊ?"

"तुम्ही नाही हो. हे," तो बाबांकडे बोट करून म्हणाला. "तुम्हाला काय येतं?"

मी आठवून पाहिलं. शेवटी बाबाच म्हणाले, "तो डबा आणेल."

तेव्हापासून बाबा आपल्याच दुकानात नोकरीला जातात आणि मी दुपारी डबा नेतो. परवा उशीर झाला, तर सुतारानं चार गिऱ्हाइकांसमोर मला झापलं. बाबांनी हातातली काच बाजूला ठेवली.

"सांभाळून घ्या," ते त्याला म्हणाले, "नवीन आहे. शिकेल हळूहळू."