हत्तीची दाढ

सहलीच्या शेवटच्या दिवशी चारच्या बसपर्यंत तीन तास मोकळे होते. बायकोने बाजारपेठ सुचवली, सासूबाईंनी प्राण्यांच्या सांगाड्यांचं म्युझियम सुचवलं आणि दंतवैद्यांनी दोन्हींपैकी कमी पिशव्यांचं ठिकाण निवडलं.

दंतवैद्य बावीस वर्षं एका लहान गावात दवाखाना चालवत होते. गावात दुसरा दंतवैद्य नव्हता, त्यामुळे त्यांचं बोलणं कोणी खोडून काढत नसे. ज्यांना खोडून काढावंसं वाटे, त्यांच्या तोंडात नेमका त्या वेळी कापूस असे. एवढ्या वर्षांची सवय सहलीपुरती थोडीच सुटते? तीन दिवसांत त्यांनी टॅक्सीवाल्याला रस्ता, हॉटेलवाल्याला पंखा आणि बायकोला तिच्याच बॅगेची चेन समजावून सांगितली होती.

म्युझियमच्या मोठ्या दालनात मधोमध एका पुराणकाळच्या हत्तीचा सांगाडा दोरीच्या कुंपणात उभा होता. सासूबाई चष्मा लावून हत्तीपासूनच सुरुवात करून सावकाश सगळं बघत निघाल्या. बायको बाकावर बसली आणि तिने चपला काढल्या. दंतवैद्य आपली बॅग समोरच्या उतरत्या फळीवर टेकवून थेट जबड्याशी जाऊन उभे राहिले. खालची दाढ पावाच्या लादीएवढी होती. तिचा मागचा भाग उंच आणि कोरा होता, पुढचा झिजून सपाट झालेला.

"उलटी बसवलीय," ते म्हणाले.

"काय?"

"दाढ. चावण्याचा जोर मागे असतो, म्हणजे झीज मागे हवी. इथे पुढे आहे. कुठल्या तरी सुताराने बसवलेली दिसते."

"हत्तीची काही तक्रार आहे का?" बायकोने विचारलं.

हत्तीची नव्हती, म्हणून दंतवैद्यांनी ती आपल्या अंगावर घेतली. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्या मजल्याने पुन्हा खाली, आणि खालच्या कारकुनाने बराच शोध घेऊन त्यांना एक फॉर्म दिला. तो हरवलेल्या वस्तूंचा होता, कारण छापलेला दुसरा फॉर्मच नव्हता. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात दंतवैद्यांनी लिहिलं, 'हत्तीची दाढ. हरवलेली नाही, फिरवलेली.' कारकुनाने तो वाचला, त्यांच्याकडे बघितलं, आणि अधिकारी बाई बैठकीत आहेत असं सांगून फॉर्म पेपरवेटखाली ठेवला. या सगळ्यात पाऊण तास गेला.

ते दालनात परतले तेव्हा पहारेकरी पलीकडच्या कोपऱ्यात कोणाला तरी फोटो काढू नका म्हणून सांगत होता. बायकोचा डोळा लागला होता. दंतवैद्य दोरीवरून वाकले. फक्त दाढेची मागची कड चाचपायची, एवढाच त्यांचा विचार होता. उजवा हात जबड्यात मनगटापर्यंत गेला, दाढेमागच्या फटीत शिरला, आणि घड्याळाचा धातूचा पट्टा आतल्या आधाराच्या तारेत अडकला. त्यांनी हात ओढला. पट्टा आणखी घट्ट बसला.

सुरुवातीला त्यांनी कोणाला हाक मारली नाही. तत्त्व म्हणून हत्तीच्या तोंडात हात घालून उभा राहिलेला माणूस जसा दिसेल, तसे ते उभे राहिले. तेवढ्यात एका शाळेची सहल आली. बाईंनी मुलांना रांगेत उभं केलं आणि कुंपणाच्या आत हात का घालायचा नसतो, हे त्यांना उदाहरणासह सांगितलं. उदाहरण मान खाली घालून ऐकत होतं.

गर्दी बघून पहारेकरी आला. "हात काढा," तो म्हणाला.

"निघत नाहीये."

"मग घातला कशाला?"

याला शास्त्रीय उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. पहारेकऱ्याने मग सांगितलं, की सांगाड्याला हात लावायची त्यालाही परवानगी नाही. अधिकारी बाईंची लेखी परवानगी लागेल, त्यासाठी अर्ज लागेल आणि अर्जावर संबंधिताची सही लागेल.

"मी सही उजव्या हाताने करतो," दंतवैद्य म्हणाले.

"मग करा ना."

दंतवैद्यांनी नजरेनेच उजवा हात कुठे आहे ते दाखवलं.

सव्वातीन वाजले. बायको जागी झाली होती आणि आता उभ्याने काळजी करत होती. दंतवैद्यांची करंगळी बधिर पडली, मग शेजारचं बोट. तेव्हा मात्र ते मनातून हादरले. सोमवारी अकरा पेशंट होते. सारा दवाखाना या पाच बोटांवर उभा होता, आणि ती बोटं आता त्यांना जाणवतही नव्हती. हळू आवाजात ते बायकोला म्हणाले, "आईंना बोलाव."

सासूबाई माशांच्या दालनातून आल्या. त्यांनी एकवार पाहिलं, पर्समधून कोल्ड क्रीमची डबी काढली आणि त्या दोरीखालून आत शिरल्या. पहारेकऱ्याने परवानगीचा विषय काढला. "तुम्ही आणा परवानगी, तोवर मी हात काढते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जबड्याच्या दुसऱ्या बाजूने आपला हात घातला.

"आई, ओढू नका, आधी पट्ट्याची कडी..."

"बोलू नका. बोललात की मनगट ताठ होतं. सैल सोडा. थोडंसं दुखेल."

ते थोडंसं नव्हतं.

"झालंच," सासूबाई म्हणाल्या. तेव्हा काहीच झालं नव्हतं. ही वाक्यं दंतवैद्य रोज वीस वेळा म्हणत असत. ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पट्टा सुटला. सुजलेला, क्रीमने माखलेला हात बाहेर आला, तेव्हा शाळेच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याच सुमारास बैठक संपली आणि अधिकारी बाई हातात फॉर्म घेऊन आल्या.

"हरवलेली नाही, फिरवलेली. हे कोणी लिहिलंय?"

कोणाला बोलावं लागलं नाही. सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. अधिकारी बाईंनी शांतपणे समजावलं, की हत्तीची दाढ माणसासारखी खालून वर येत नाही. ती मागून पुढे सरकत येते, म्हणून पुढचा भाग आधी झिजतो. हे सगळं माहितीफलकावर लिहिलेलं आहे. मग त्यांनी उतरत्या फळीवरची बॅग उचलून बाजूला ठेवली आणि फलक दिसू लागला.

"मी वाचलं होतं ते," सासूबाई म्हणाल्या. "आल्या आल्याच."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही समजावून सांगत होतात. मध्ये कसं बोलायचं?"

बस अर्थातच गेली. पुढची दुसऱ्या दिवशी दुपारी होती. सकाळी बायको एकटीच बाजारात गेली, आणि सासूबाईंना वरच्या मजल्यावरचा देवमासा बघायचा राहिला होता, म्हणून क्रेप बँडेज बांधलेले दंतवैद्य त्यांच्याबरोबर पुन्हा म्युझियममध्ये आले. पहारेकऱ्याने त्यांना ओळखलं आणि तो दोन पावलं मागून चालू लागला.

देवमाशाचा जबडा दाराएवढा होता आणि त्यात एकही दात नव्हता.

"याला दातच कसे नाहीत हो?" सासूबाईंनी विचारलं.

दंतवैद्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग बँडेजचा हात पाठीमागे घेऊन ते फलकाकडे वाकले. "थांबा. वाचून सांगतो."

त्यांनी पहिल्या शब्दापासून सगळं वाचलं, सावकाश, काहीही न वगळता. अगदी खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : माहितीत काही चूक आढळल्यास कार्यालयात कळवावे. तेवढी मात्र त्यांनी मनातच वाचली.