सेवाज्येष्ठतेनुसार गळती

सोलमधल्या आमच्या कंपनीत साहेब निघाल्याशिवाय कोणी निघत नाही. हा नियम लेखी नाही, म्हणूनच तो काटेकोर पाळला जातो.

अशा शिस्तीत खरेदी विभागातल्या ब्योन यांच्या हृदयाची झडप गळू लागली. इकोत नुसता अंदाज आला, म्हणून एमआरआय केला. त्यात रक्त पुढे किती गेलं आणि मागे किती परतलं, ते थेट मोजतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शंभरातलं अठ्ठेचाळीस मागे येतंय. ऑपरेशन लवकर करा, हृदय थकत चाललंय."

ब्योन रजा मागायला आमचे विभागप्रमुख ताक साहेब यांच्याकडे गेले. झडप साहेबांचीही गळकीच, पण एकतीस टक्के.

"अठ्ठेचाळीस? माझ्यापेक्षा जास्त? आणि ऑपरेशनही माझ्याआधी? वा रे वा!"

"चूक झाली, साहेब," ब्योन म्हणाले.

आमची सगळी कंपनी तपासणीला त्याच इस्पितळात जाते. साहजिकच इस्पितळाने फेरमोजणी केली. मोजायची रेघ झडपेपासून जराशी वर सरकवली की आकडा उतरतो. ब्योन तीसवर आले. तेवढ्यात कंपनीच्या अध्यक्षांची तपासणी झाली. त्यांची झडप ठणठणीत, गळती जेमतेम चार टक्के. ताक साहेबांना घाम फुटला आणि एका दुपारात ते तीनवर आले. ब्योन ओघानेच दोन झाले. कागदोपत्री आमच्या मजल्यासारखी तब्येत कुणाची नव्हती. ब्योन मात्र जिन्यात दर वळणावर बसू लागले. मला त्यांची कीव यायची, आणि भयंकर रागही यायचा.

एका संध्याकाळी त्यांची बायको सुनजा थेट कचेरीत आली.

"अहो, उठा. दुसऱ्या इस्पितळात खाट मिळालीय. टॅक्सी खाली उभी आहे."

"हळू बोल. साहेब आहेत अजून."

"साहेबांचं काय लोणचं घालायचंय? ओठ बघा स्वतःचे, निळे पडलेत!"

ब्योन अर्धवट उठले. ताक साहेबांनी चष्मा पुसला, पण खुर्ची काही सोडली नाही. ब्योन परत बसले.

"पाचच मिनिटं गं," ते म्हणाले.

पाच मिनिटं व्हायच्या आतच ते खुर्चीवरून खाली घसरले. सुनजाने किंकाळी फोडली. आम्ही सगळे ताडकन उठणार होतो, पण त्याआधी सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं.

तुम्ही असं पाहिलं नसतंत म्हणता? मग हेच जरा तुमच्या साहेबांसमोर म्हणून दाखवा.