निळ्या रेघेच्या आतले

कोणत्याही प्रगत समाजात आत कोण आणि बाहेर कोण हे एकदा ठरलं, की बाकीचे प्रश्न आपोआप किरकोळ होतात. अमेरिकेतल्या आमच्या सनीव्हेलच्या मराठी मंडळाला हे चर्चा करून ठरवायचं असतं, तर एक पिढी गेली असती. स्प्रेडशीटने ते एका सकाळी ठरवून दिलं, तेही फुकट.

साल २००७. गणेशोत्सवात कला सादर करण्यासाठी नावं मागवली, तर अठ्ठावन्न आली. (प्रेक्षक म्हणून एकही आलं नाही.) सेक्रेटरी गिरीशने ती, ज्या क्रमाने ईमेल आल्या त्या क्रमाने, स्प्रेडशीटमध्ये भरली. त्याच आठवड्यात त्याच्या कॉम्प्युटरवर त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, जुने मेनू गायब झाले, आणि याचा हात कुठे लागला कोण जाणे, यादी भलत्याच अवतारात उघडली. पहिल्या तीस नावांभोवती जाड निळी रेघ, आत पांढरंशुभ्र, आणि नावांच्या मागे फिकट मोठ्या अक्षरांत ‘पेज वन’. एकतिसाव्यापासून खाली सगळं राखाडी. गिरीशने ती तशीच सगळ्यांना पाठवून दिली.

छापताना पान कुठे संपेल एवढंच ते दाखवत होतं. मंडळात सगळेच कॉम्प्युटरवाले (उरलेले त्यांचे आईवडील), तेव्हा हे सगळ्यांनाच कळलं. पण साधं पान परत कसं आणायचं हे विचारणार कोण? ज्याच्या जोरावर व्हिसा मिळाला, तेच आपल्याला येत नाही हे चारचौघांत कोण कबूल करील. प्रसाद म्हणाला, “यार, मी डेटाबेसवाला.” शरयू म्हणाली, “मी टेस्टिंगला आहे. बग असेल तर रिपोर्ट करीन, फिक्स नाही करणार.” रिपोर्ट तिने केला. सुबक होता.

मग लोकांनी शहाण्यासारखा आपापला अर्थ लावून घेतला. पांढऱ्यातले निवडले गेले, राखाडीतले राहिले. पेज वनवाले एकमेकांना जेवायला बोलावू लागले. मी स्वतः ओळ क्रमांक नऊ. (कर्तृत्व एवढंच, की त्या दिवशी ऑफिसात काम नव्हतं.) माझी बासरी सुरू झाली की पूर्वी शेजारी भिंत ठोकायचे. आता ओळखीचे लोक देशी किराणा दुकानाच्या काउंटरपाशी थांबून “रियाझ काय म्हणतोय?” असं विचारू लागले.

पुढे कुणाला तरी शोध लागला की ती रेघ माउसने धरून सरकवता येते. गिरीशच्या फ्रीजमध्ये जागा उरेना. एका रविवारी सुवर्णाकाकूंनी उकडीचे मोदक पाठवले आणि सोमवारी रेघ एकतिसाव्या ओळीखाली होती. एकतिसाव्या ओळीत सुवर्णाकाकूच होत्या.

बत्तिसाव्या ओळीत होते मनोहरकाका. मंडळातल्या ईशानचे वडील, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले. जन्म वीज मंडळाच्या नोकरीत गेला, गाणं राहून गेलं. एकदा माईकसमोर उभं राहून एक नाट्यगीत म्हणायचं, एवढीच त्या माणसाची हौस. अपार्टमेंटच्या भिंती पातळ, म्हणून ते पार्किंगमध्ये जाऊन, गाडीच्या काचा वर करून रियाझ करायचे. त्यांना मोदकांचं काही माहीत नव्हतं. ते थेट मीटिंगला आले आणि म्हणाले, “हे पहिल्यासारखं करता येत नाही काय?”

इतका उघड प्रश्न कुणी विचारेल अशी अपेक्षा नसल्याने तीन जणांची समिती नेमावी लागली. समितीने शोध घेतला. अहवाल असा: वर ‘व्ह्यू’ असं लिहिलेलं आहे, तिथे डावीकडचं पहिलंच बटण ‘नॉर्मल’. बटण चालू स्थितीत आहे. मात्र ते दाबल्यास अठ्ठावन्नही माणसं सारखीच दिसू लागतील. उत्सवासाठी घेतलेला शाळेचा हॉल रात्री नऊला बंद होतो, म्हणजे सत्तावीस जणांना “तुम्ही नको” असं कुणाला तरी तोंडाने सांगावं लागेल. हे काम सध्या रेघ करते आहे, आणि तिच्याशी कुणी भांडायला जात नाही. सबब बटण दाबू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. (मतदान पेज वनपुरतं ठेवलं होतं.)

उत्सव छान झाला. मी बासरी वाजवली. काका शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा झब्बा घालून बसले होते आणि सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत होते. प्रसादाच्या वेळी ते माझ्यापाशी आले.

“छान वाजवलंत,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आमचं नाव दिसत नव्हतं काय तुम्हाला?”

“दिसत होतं ना, काका,” मी म्हणालो. “पण राखाडी.”

तांत्रिक अडचण समजावी तशी त्यांनी मान हलवली. मंगळवारच्या विमानाने ते नागपूरला गेले. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याच संध्याकाळी मी पुढच्या वर्षी नाव द्यायची ईमेल लिहून तयार ठेवली.

वाचकहो, तुम्ही तिथे असतात तर ते बटण दाबलंच असतंत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त त्याआधी यादीवरून एकदा नजर फिरवली असतीत, आपलं नाव कुठल्या रंगात आहे ते बघायला.