वरल्या सडकेचा उमेदवार

१९५७ च्या डिसेंबरात, एका मंगळवारी सकाळी, नंदुरबारच्या मिरची बाजारातला लिलाव सहा मिनिटे थांबला. भावावरून वाद झाला नव्हता की कोणी चक्कर येऊन पडले नव्हते. डोक्यावरून विमान गेले होते, आणि नमुनेदार गोपाळ पाटील उघडलेल्या पोत्यासमोर मान वर करून उभा होता. त्याने नमुना काढून दाखवल्याशिवाय बोली लागत नसे. त्यामुळे अकरा व्यापारी, चार हमाल आणि त्याचे मालक हस्तीमल शेठ त्याची मान खाली येण्याची वाट पाहत थांबले.

"गोपाळभाई," सुकलाल हमाल म्हणाला, "विमानमाईन तुन्हा सासरा उतरी ऱ्हायना का?"

"गप बठ. इंजिन ऐकू दे."

आवाज पूर्ण विरला. मग गोपाळने खिशातून वही काढली, स्टेशनवरच्या घड्याळाशी जुळवलेले आपले घड्याळ पाहिले आणि वेळ लिहिली. "वरली सडकनी गाडी उनी. आठ मिनिट लेट शे," असे सगळ्यांना सांगून तो पोत्याकडे वळला.

मी तेव्हा धुळ्याच्या एका साप्ताहिकाचा नंदुरबारचा वार्ताहर होतो. मिरचीचे भाव घ्यायला रोज हस्तीमल शेठच्या ओट्यावर बसत असे. गोपाळची खोली माझ्या खोलीला लागून होती. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे, त्यातले बहुतेक मी स्वतः पाहिलेले आहे. जे पाहिले नाही, ते त्याने सांगितलेले आहे, आणि तो अंदाजे काही सांगत नसे. "अंदाज माले चालत नही, पक्कं सांगा," हे त्याचे ठरलेले वाक्य होते. किती वाजले या साध्या प्रश्नावर कोणी "झाले असतील अकरा" म्हटले, तर तो त्या माणसाशी दिवसभर बोलत नसे.

तो प्रकाशा गावचा. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. जळगावला राहून इंटर सायन्स झाला. त्याच वर्षी वडील गेले, शेती थोरल्या भावाकडे गेली आणि गोपाळ बाजारात आला. नमुनेदार म्हणजे पोत्यात हात घालून वरचा, मधला आणि तळाचा माल बाहेर काढणारा आणि त्याची प्रत सांगणारा माणूस. त्याच्या शब्दावर शेतकरी आणि व्यापारी दोघांनी विश्वास ठेवावा लागतो.

गोपाळची पद्धत बाजारात दुसऱ्या कोणाची नव्हती. तो डोळे मिटून प्रत ठरवी. मूठभर मिरच्या कानाजवळ हलवी, एकीचा देठ मोडी, बोटांनी साल चोळी, वास घेई आणि बोले. बिया किती वाजतात यावरून वाळवण किती दिवसांचे ते सांगे. पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानात, माल एका कुशीवर जास्त पडून राहिला असेल तर तेही सांगे. व्यापारी त्याला नाटकी म्हणत. एकदा त्यांनी पैज म्हणून सात गावांच्या सात मिरच्या त्याच्या हातावर ठेवल्या. मी शेजारी कागद घेऊन बसलो होतो. त्याने सातही गावे बरोबर सांगितली. सहाव्या मिरचीला तो जरा थांबला आणि म्हणाला, "हाई अक्कलकुवानी शे, पण बी तठेनं नही. कोनी तरी आठेनं बी नेयेल शे." मालक शेतकऱ्याला विचारले. बी नंदुरबारहून नेले होते. त्या दिवसानंतर मी त्याला नाटकी म्हटले नाही.

विमानाचेही तसेच. मुंबईहून दिल्लीकडे जाणारी विमाने आमच्या डोक्यावरून जात, हे गावात पुष्कळांना माहीत होते. गोपाळला त्यांची इंजिने ओळखू येत. एका सकाळी तो म्हणाला, "डावं इंजिन खोकली ऱ्हायनं." तिसऱ्या दिवशी मुंबईचा पेपर आला. दिल्लीला जाणारे एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे मध्येच उतरवावे लागल्याची चार ओळींची बातमी आत होती. तारीख तीच. मी ते कात्रण त्याला दाखवले. त्याने वाचले आणि विचारले, "डावं का उजवं, ते लिखेल नही का?"

जानेवारीत मला त्याच पेपरात एक जाहिरात दिसली. एक विमान कंपनी तरुणांना वैमानिक करणार होती. शिकवण्याचा खर्च कंपनीचा, बदल्यात काही वर्षांची नोकरी बंधनकारक. इंटर सायन्स पुरे, वय सव्वीसच्या आत, प्रकृती उत्तम. गोपाळ बावीस वर्षांचा होता. मी जाहिरात कापून त्याला दिली. ती त्याने उभ्याने तीनदा वाचली. मग खाली बसला आणि वयाच्या अटीखाली नखाने रेघ ओढली.

अर्ज मी टाईप केला. भाषांच्या रकान्यात त्याने आठ भाषा सांगितल्या आणि प्रत्येकीपुढे 'बोलतो', 'समजते' किंवा 'फक्त भांडण समजते' असे लिहायला लावले. 'आपणांस वैमानिक का व्हावयाचे आहे' यापुढे तीन ओळी मोकळ्या होत्या. त्याने दोन वाक्ये दिली: 'मी तो रस्ता रोज खालून पाहतो. एकदा वरून पाहायचा आहे.' चारित्र्याचा दाखला हस्तीमल शेठने मारवाडीत लिहिला आणि मी त्याचे इंग्रजी केले. दाखल्यात एकच वाक्य होते: 'हा माणूस तळाचा माल वर आणून दाखवतो.'

"जा, बेटा," शेठ सही करताना म्हणाले. "पण तू उडून गेला तो नमुना कोण निकालेगा?"

मुलाखतीचे पत्र यायला दोन महिने लागले. त्या काळात गोपाळने शरीर तयार केले. बाजार उठला की तो मोठ्या काट्याच्या पारड्यात बसे, डोळ्यांवर उपरणे बांधी आणि सुकलालला पारडे साखळ्यांसकट गरगर फिरवायला सांगे. पारडे थांबण्याआधी तो ओरडून सांगे, "स्टेशन डावीकडे, तापी मांगे." चुकला तर पुन्हा. पहिल्या आठवड्यात दोनदा ओकला. तिसऱ्या आठवड्यात चुकेनासा झाला. एकदा सुकलालने गंमत म्हणून पारडे उलटे फिरवून मध्येच रोखले. गोपाळने तरीही तापीकडे बरोबर बोट केले आणि वर सांगितले, "साडेनऊ फेऱ्या व्हयन्यात. अर्धी तू चोरी."

"हा माणूस नही भो," सुकलाल मला म्हणाला. "हाऊ होकायंत्र शे."

एप्रिलमध्ये तो सुरतेवरून मुंबईला गेला. शेठने स्वतःचा कोट दिला होता. तिथे काय झाले ते त्याने परत आल्यावर सांगितले, क्रम न चुकवता.

आमच्या बाजारात बोली तोंडाने लागत नसे. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालत आणि कोणी किती बोटे धरली यावर भाव ठरे. तिसऱ्या माणसाला तो कळत नसे. मुलाखतीच्या खोलीत तीन साहेब होते. मधल्याने उठून हात पुढे केला. गोपाळने खांद्यावरचा रुमाल त्या हातावर टाकला आणि खालून बोटे चाचपली.

"ध्यानमाच नही ऱ्हायनं," तो मला म्हणाला. "त्यानी मन्हा हातमा चार बोटं दिधात. माले वाटनं, चार कशाना?"

"मग?"

"मी सांगं, साहेब, माल अजून देखेल नही."

साहेब हसले. मग त्यांनी ती पद्धत समजावून घेतली आणि आपसात एकदा करूनही पाहिली. पुढची वीस मिनिटे त्यांनी गणित, वारा आणि दिशा यांवर प्रश्न विचारले. एकाने खिडकीबाहेरचा आवाज ऐकवून विमान ओळखायला सांगितले. गोपाळने विमानाची जात सांगितली आणि ते चढते आहे की उतरते आहे तेही सांगितले. त्याची निवड झाली. वैद्यकीय तपासणी तेवढी राहिली.

तपासणीत उंची, वजन, छाती, कान सगळे ठीक निघाले. कान तपासणाऱ्या डॉक्टरने असे कान प्रथमच पाहिल्याचे सांगितले. शेवटी एक जाड पुस्तक पुढे ठेवले गेले. त्यात रंगीत ठिपक्यांचे आकडे होते. आधीचा मुलगा पाने उलटत भराभर वाचून गेला होता.

"पहिला पानवर बाराना आकडा व्हता," गोपाळ म्हणाला. "मंग नुसता ठिपकाच."

"त्यापुढे एकही आकडा दिसला नाही?"

"एक बी नही. डाक्टरनी इचारं, काम काय करस? मी सांगं, मिरची देखस. त्यानी इचारं, मिरची कोणता रंगनी ऱ्हास? मी सांगं, लाल. तो म्हने, तुले कसं माहीत?"

"तू काय सांगितलंस?"

"समदा लाल म्हंतस."

लाल आणि हिरवा हे दोन रंग त्याला वेगळे दिसत नव्हते. जन्मापासून दिसत नव्हते आणि हे त्याला बाविसाव्या वर्षी कळले. लोक मिरचीच्या रंगाबद्दल बोलतात, ती त्याला बोलण्याची एक रीत वाटे. पाहून प्रत कळत नाही, असा सगळ्यांचाच अनुभव असेल असे तो धरून चालला होता. देशातल्या मोठ्या मिरची बाजारांपैकी एकात जो माल चुकूनही वर-खाली लावत नव्हता, त्याने मिरचीचा रंग कधी पाहिला नव्हता.

मी लिहायचे थांबवले. तो माझ्या टेबलाच्या कडेला बोट फिरवत बसला होता.

"डाक्टर आखो एक बोलना," तो म्हणाला. "म्हने, हाई मायकडथीन येस. मायले दिसस बराबर, पण तिन्हाकडथीन पोरले येस."

"मग?"

"मन्ही मायले समजाले नको. ती म्हनी, मन्हामुळे ऱ्हई गया पोरगा." त्याने माझ्याकडे पाहिले. "कोनी इचारं तर सांगा, विमान जवळथून देखं आनी घाबरी गया."

असे गावात पसरले. पक्के बोलणाऱ्या माणसाने सांगितले म्हणून कोणी शंका घेतली नाही. बाजारात त्याचे नाव पायलट पडले. ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना सुकलाल त्याला हात देऊ करी. "संभाळीसन, पायलट. खाले देखू नको." गोपाळ तो हात धरून चढे. शेठने एकदा मला बाजूला घेऊन विचारले, "सच्ची डर गया क्या?" मी हो म्हणालो. शेठने मान हलवली आणि कोट परत घेतला नाही.

पुढच्या वर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेची बातमी घ्यायला मी प्रकाशाला गेलो. गोपाळ बाजारामुळे आला नव्हता. त्याच्या आईने, जमनामायने, मला घरी बोलावून जेवू घातले. त्या ओसरीत कापूस निवडत बसल्या होत्या. मी हात धुतल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, एक गोट इचारू? खरं सांगशात?"

"विचारा, माय."

"मन्हा भाऊले पिकेल बोर आनी कच्चं बोर सारखंच दिसे. जन्मभर. गोपाळ लहान व्हता, तव्हय माले शंका उनी. मी कोनले बोलनू नही." त्यांनी हातातल्या कापसाकडे पाहिले. "डोळामुळे काढं का त्यासनी त्याले?"

मी वार्ताहर होतो. माझ्याजवळ डॉक्टरचे पत्र होते. गोपाळने ते माझ्या खणात ठेवले होते.

"नाही, माय," मी म्हणालो. "घाबरला तो."

त्यांनी कापसाची टोपली बाजूला सारली. "मंग काय," त्या म्हणाल्या. "भेव निंघी जास. आखो एकडाव अर्ज करा त्याना." आणि आत जाऊन त्यांनी गोपाळचे इंटरचे सर्टिफिकेट आणले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले, आणि माझ्या हातात दिले.

नंदुरबारला परतल्यावर मी गोपाळला सगळे जसेच्या तसे सांगितले. त्याने सर्टिफिकेट उघडून पाहिले.

"तुम्ही काय सांगं? पक्कं?"

"घाबरला असं सांगितलं."

"बरं सांगं," तो म्हणाला. मग म्हणाला, "टाईप करा."

१९५९ चा अर्ज मी टाईप केला. त्याने पत्ता माझा द्यायला लावला. अर्ज मिळाल्याचे कार्ड आले, ते त्याने प्रकाशाला नेऊन आईला दिले. नकाराचे पत्र आले, ते माझ्याकडे राहिले. यंदा जागा भरल्या, असे त्याने आईला सांगितले. त्या म्हणाल्या, पुढल्या साली. १९६०, १९६१ आणि १९६२ मध्येही अर्ज गेला. शेवटच्या वर्षी त्याचे वय अटीच्या बाहेर गेले होते. त्याने ते खरे लिहिले. कार्ड तरीही आले आणि प्रकाशाला गेले.

१९६३ च्या मे महिन्यात जमनामाय वारल्या. त्या वर्षी जाहिरात उशिरा, ऑगस्टमध्ये आली. मी ती कापून गोपाळकडे नेली. त्याने वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. त्या वर्षी अर्ज गेला नाही.