कापडणीस खाली यायला तयार नाहीत

वाल्मीकराव कापडणीसांनी एकतीस वर्षं ग्लायडर उडवला आणि दुसऱ्यांना उडवायला शिकवला. ग्लायडरला इंजिन नसतं. एकदा वर नेऊन सोडला की पुढे वारा आणि तुम्ही. वाऱ्याने हात सोडला की जिथे असाल तिथे उतरायचं. त्यामुळे वाल्मीकराव आजवर कांद्याच्या वावरात उतरले होते, गायरानात उतरले होते, एकदा तर क्रिकेटचा अंतिम सामना चालू असताना खेळपट्टीपासून वीस पावलांवर उतरले होते. आणि दर वेळी जीपला ट्रेलर जोडून, रस्ता विचारत विचारत, त्यांना घ्यायला त्यांच्या पत्नी उज्वलाताई गेल्या होत्या.

निवृत्तीनंतर राहायचं कुठे, हा प्रश्न निघाला तेव्हा वाल्मीकराव ऐटीत म्हणाले, "अगं, घर निवडायचं म्हणजे काय, उतरायची जागा निवडायची. जन्मभर तेच केलंय. हजार फुटांवरून अर्ध्या मिनिटात निवडतो मी."

"आणि तिथून बाहेर काढायला मी येते," उज्वलाताई म्हणाल्या. "या वेळी जागा मी निवडणार."

त्यांनी निवडली होती पंचवटी. तीन महिने दोघं तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. भाजीबाजार पाच मिनिटांवर, धाकटी बहीण मागच्या गल्लीत, डॉक्टर कोपऱ्यावर, हात केला की रिक्षा. त्याच गल्लीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्यांना पसंत होता आणि शुक्रवारी हो की नाही ते कळवायचं होतं. वाल्मीकरावांची तक्रार एकच. गल्लीतून वर बघितलं तर दोन इमारतींच्या मधे वाळत घातलेल्या पंचाएवढंच आकाश दिसायचं. आणि वारा म्हणून जो यायचा, तो शेजारच्यांच्या कुकरचा. आता उडायला मिळणार नाही हे त्यांनी मान्य केलं होतं, पण रोजचा वारा तरी ओळखीचा असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते बायकोसमोर बोलायचा धीर मात्र होत नव्हता.

म्हणून बुधवारी सकाळी ते म्हणाले, "घोटीला जाऊन तांदूळ घेऊन येतो. इंद्रायणी. गिरणीवरचा, ताजा."

"पंचवटीत तांदूळ संपला का?"

"तिथल्या तांदळाला वास असतो."

उज्वलाताईंनी त्यांच्या हातात पिशवी दिली. वाल्मीकराव धुळीसाठी तोंडाला मोठा लाल रुमाल बांधून स्कूटरवर बसले आणि घोटी ओलांडून थेट करवंदवाडीला पोचले.

तिथे देवराम नावाच्या शेतकऱ्याची डोंगराच्या पायथ्याशी पाच गुंठे जागा विकायची होती. जागा बघून वाल्मीकराव हरखले. समोर पश्चिमेकडे तोंड करून उभा असलेला डोंगर, त्यावर सरळ येऊन आदळणारा वारा, आणि त्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगणाऱ्या चार घारी.

"जागा लय झ्याक हाय साहेब," देवराम म्हणाला. "बसा सावलीला. च्या घेऊन येतो."

तो चहा आणायला गेला आणि वाल्मीकरावांची नजर गावच्या नव्याकोऱ्या पाण्याच्या टाकीवर पडली. खांबांवर उभी, चाळीस फूट उंच, बाजूला लोखंडी शिडी, वर कठडा. तिथून वारा डोंगरावर कसा चढतो ते नेमकं दिसलं असतं. मोबाइल स्कूटरच्या डिकीतच होता, तो तिथेच ठेवून ते भराभर वर चढले. दिशा कळावी म्हणून तोंडाचा लाल रुमाल सोडून कठड्याला बांधला. रुमाल फडफडला. अगदी मनासारखा वारा. दहा मिनिटं ते स्वर्गात होते.

मग उतरायला म्हणून वळले, शिडीवरून खाली बघितलं, आणि त्यांचे दोन्ही हात कठड्याला चिकटून बसले.

आता हे कुणाला खरं वाटणार नाही. पाच हजार फुटांवर हा माणूस मांडीवर डबा घेऊन पोळीभाजी खात असे. पण ग्लायडरमध्ये पट्टे असतात, चारी बाजूंनी कवच असतं, आणि मुख्य म्हणजे तिथून जमिनीपर्यंत जाणारी शिडी नसते. इथे एकेका पायरीवरून नजर घसरत खाली जात होती आणि पोट तिच्या मागोमाग जात होतं. त्यांनी एक पाय खाली सोडला. पायरी सापडेना. पाय वर घेतला. गुडघे स्वतंत्रपणे नाचू लागले.

एवढ्यात देवराम चहा घेऊन आला. "साहेब, तिथं काय करता?"

"घर!" वाल्मीकराव ओरडले. "घराची जागा बघतोय!"

वाऱ्याने त्यातला पहिला शब्द तेवढा खाली पोचवला.

"घर मागतोय," देवराम शेजारच्याला म्हणाला. "सरकारी घरकुल नाय मिळालं वाटतं, तवाच जागा बघत फिरतोय."

"या की खाली!" देवरामने वर बघून हाक दिली.

"मला खाली येता येत नाही!"

हे वाक्यही अर्ध्या वाटेत फाटलं. गावात बातमी गेली ती अशी: एक म्हातारा साहेब टाकीवर चढलाय, लाल झेंडा लावलाय, आणि खाली येत नाही म्हणतोय.

पंधरा मिनिटांत सगळी वाडी टाकीखाली जमली. त्यात सत्तरीच्या भागीबाई होत्या. त्यांनी कपाळावर हात धरून बराच वेळ वर बघितलं आणि मग देवरामला म्हणाल्या, "घरकुलाचं ऱ्हाऊ दे. त्याला म्हणावं, चढलाच हायस तर आदी पाण्याचं माग."

कारण ती टाकी बांधून दीड वर्ष झालं होतं आणि तिच्यात एक थेंब आला नव्हता. विहीर होती, मोटार होती, पाइप टाकलेला होता. विजेची जोडणी तेवढी एका सहीसाठी अडली होती. बायका दीड मैलावरून पाणी आणत होत्या. त्या आता रिकामे हंडे घेऊन आल्या आणि टाकीखाली बसल्या. ग्रामपंचायतीची सदस्य सरिता हिने तालुक्याला फोन लावला. "साहेब, आमच्या टाकीवर एक रिटायर पायलट चढलेत," ती म्हणाली. पायलट हे तिला देवरामने सांगितलं होतं, आणि त्याला जागेची चौकशी करताना खुद्द वाल्मीकरावांनी. "पाणी येईपर्यंत उतरणार नाहीत."

पायलट म्हटल्यावर तालुक्याच्या साहेबांना वाटलं, लढाऊ विमानाचा असणार. जेवणाचा डबा अर्धवट टाकून ते जीपमध्ये बसले. सोबत एक हवालदार आला.

साहेबांनी खालून हात जोडले. "सर, आठ दिवसांत जोडणी देतो. लेखी देतो. खाली या."

वाल्मीकरावांनी मनापासून प्रयत्न केला. पाय शिडीपर्यंत नेला, डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा कठड्याला मिठी मारली. तोंडातून जेमतेम शब्द निघाला, "नाही."

"आठ दिवस मान्य नाहीत," सरिता म्हणाली.

साहेबांनी घाम पुसला आणि फोन काढला. जी सही दीड वर्षं होत नव्हती ती पाऊण तासात झाली. वायरमन खांबावर चढला. वाल्मीकराव त्याच्याकडे अतिशय आदराने बघत राहिले. चारच्या सुमारास मोटारीचा आवाज आला, आणि थोड्याच वेळात वाल्मीकरावांना आपल्या बुडाखाली, त्या पोकळ टाकीत, पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला. आधी थबथब, मग धो धो. खाली बायकांनी नळाला हंडे लावले. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. वरती वाल्मीकरावांचेही डोळे भरून आले. क्षणभर ते पाय विसरले.

"सर, आलं पाणी," साहेब म्हणाले. "आता या."

वाल्मीकराव जागचे हलले नाहीत.

साहेब घाबरले. "आता काय राहिलं?"

मग भागीबाई शांतपणे म्हणाल्या, "रस्त्याचं राहिलं."

साहेबांनी रस्त्याचं लिहून दिलं. वाल्मीकराव उतरले नाहीत. शाळेच्या गळक्या छपराचं लिहून दिलं. उतरले नाहीत. दवाखान्याची नर्स आठवड्यातून दोनदा येईल असं लिहून दिलं, तोवर साहेबांच्या वहीची पानं संपत आली होती. हवालदार म्हणाला, "लय कडक माणूस हाय."

इकडे पंचवटीत धाकट्या बहिणीचा फोन आला होता. "ताई, भाऊजी कुठे आहेत गं?"

"घोटीला. तांदूळ आणायला."

"तिकडे तांदूळ टाकीवर ठेवतात का? करवंदवाडीचा व्हिडिओ फिरतोय, तुला पाठवलाय, बघ."

उज्वलाताईंनी व्हिडिओ बघितला. मोठा करून बघितला. नवऱ्याचे कठड्याभोवती आवळलेले हात बघितले आणि त्यांना सगळं समजलं. घरात माळ्यावरचा डबा काढायला हा माणूस कधी स्टुलावर चढला नव्हता. त्यांनी बहिणीची गाडी घेतली आणि एकतीस वर्षांच्या सवयीने रस्ता विचारत विचारत साडेपाचला करवंदवाडीत पोचल्या.

"तुम्ही सांगा हो ताई त्यांना," साहेब काकुळतीला आले. "तुमचं तरी ऐकतील."

उज्वलाताईंनी वर बघितलं. मग खाली भरलेल्या हंड्यांकडे बघितलं. बायकांनी सरकून त्यांना सावलीत जागा केली, कुणीतरी नव्या पाण्याचा चहा हातात दिला. तुमच्या माणसाने सकाळपासून काही खाल्लं नाही, त्याला भाकरी चालते का, असं भागीबाईंनी विचारलं. उज्वलाताईंनी चहा सावकाश संपवला. मग हळूच सरिताला विचारलं, "अजून काही राहिलंय का? दहा मिनिटं थांबते हवं तर."

अंगणवाडीचं राहिलं होतं. तेही झालं.

मग त्यांनी पदर खोचला आणि शिडी चढून वर गेल्या. वाल्मीकरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"तांदूळ मिळाला?" उज्वलाताईंनी विचारलं.

"उज्वला, मला उतरता येत नाहीये."

"ते दिसतंय." त्या शेजारी टेकल्या. वारा चांगला होता. घारी अजून होत्या. उज्वलाताईंनी डोंगराकडे बोट केलं. "ही जागा बघायला आला होतात?"

"हो."

"मला सांगितलं असतं तर मी आले नसते का?"

मग त्या आधी शिडीवर उतरल्या, आणि खालून एकेक पाऊल आपल्या हाताने पायरीवर ठेवत त्यांनी नवऱ्याला खाली आणलं. "उजवा. आता डावा. डोळे मिटूनच ठेवा." खालच्या लोकांना वाटलं, बाई समजूत घालतायत. पाय जमिनीला लागला तेव्हा हवालदाराने सलाम ठोकला.

शुक्रवारी उज्वलाताईंनी फ्लॅटवाल्याला नाही म्हणून कळवलं. "पंचवटीत तीन महिन्यांत बहीण सोडून कुणी मला बस म्हणालं नाही," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. जागा मी निवडली. सगळ्यांना तसंच सांगायचं."

पुढच्या उन्हाळ्यात करवंदवाडीत त्यांचं तीन खोल्यांचं बैठं घर उभं राहिलं. गावाने वाल्मीकरावांना डोक्यावर घेतलं, आणि तिथेच पंचाईत झाली. टाकी धुवायची असली, वरचा दिवा गेला, झाकण वाऱ्याने उडालं, की मंडळी आदराने त्यांच्याच दारात येत. वर चढायला साहेबांसारखा माणूस नाही, असं गावाचं ठाम मत होतं. दर वेळी उज्वलाताई सांगत, "त्यांचा गुडघा धरलाय."

तो खोटा गुडघा ऐकून एकदा भागीबाई करंजाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. अंगणात बसल्या. वाल्मीकरावांनी ठणठणीत गुडघा पुढे केला आणि विव्हळल्यासारखं करून तेल लावायला लागले.

भागीबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, ऱ्हाऊ द्या ते. तवाच खालनं तुमचे पाय लटालटा कापताना दिसत व्हते मला."

वाल्मीकरावांनी बाटलीला बूच लावलं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर पोरांनी तुम्हाला दोर लावून लगेच उतरवलं असतं," भागीबाई म्हणाल्या. "मग रस्ता कुणी दिला असता?"