शांततेसाठी नववा उंबरा

शहरी माणसाच्या मनःशांतीसाठी खेडी टिकणं अत्यावश्यक आहे. खेडुतांबाबत शासनाचा असा आग्रह नाही.

आमच्या तालुका कार्यालयाच्या ग्रामपुनरागमन विभागात मी अकरा वर्षं आहे. हद्दीतल्या बामगोल गावात आठच उंबरे उरले होते. नियमाप्रमाणे नवाच्या खाली गाव गेलं की पुढच्या एक तारखेला त्याची बस बंद होते. मल्ल्ये आजी त्याच बसने आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. म्हणून ती तारीख यायच्या आत राजधानी सोलहून ओ ह्योनसू नावाचा एक जण बायकोसह वर्षभर राहायला आला, तेव्हा सरपंच पाक दोक्सूंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

जोडप्याला साधं, नैसर्गिक ग्रामजीवन हवं होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी सत्तावीस तक्रारी दिल्या (सर्व सविनय). कोंबडा पहाटे आरवतो. सरपंच सकाळी सहाला भोंग्यावरून गावाला सूचना देतात. खताला वास येतो. (खताची बाजू ऐकून घेण्याची तरतूद नियमात नाही.)

गावाने कमालीचं सहकार्य केलं. भोंगा बंद झाला. कोंबड्याचं सूप करून जोडप्यालाच पाठवलं, ते त्यांना फार आवडलं. खत थांबलं, पाठोपाठ मिरचीची लागवडही थांबली. ट्रॅक्टर तर ग्रामीण वातावरणाशी विसंगतच ठरला.

एकदा मात्र आजी सरपंचांवर भडकली. "अरे दोक्सू, आता खोकायला काय डोंगरापलीकडं जाऊ?"

"वर्षभर कळ काढा मावशी, बस टिकू दे. तोंडावर उशी धरा."

"धरते की. आणि सोडतच नाही बघ एकदाची!"

अकराव्या महिन्यात जोडपं सोलला परतलं. गाव सोडण्याचं कारण त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'येथे अस्सल ग्रामजीवन उरलेले नाही. साधा कोंबडाही आरवत नाही.'

एक तारखेला बस बंद झाली. आजी आता हमरस्त्यापर्यंत चार किलोमीटर चालते, शेवटचा उतार बसून उतरते. तो उतार कार्यालयातल्या माझ्या खिडकीतून दिसायचा. मला ते बघवेना, म्हणून मी रीतसर अर्ज करून टेबलाची जागा बदलून घेतली.

घराची जाहिरात पुन्हा दिली आहे. महिन्यात चारशे बारा चौकशा आल्या. बसबद्दल तिघांनीच विचारलं, तेही तिचा आवाज घरापर्यंत येतो का म्हणून. आता तुमच्या मनात मघापासून जे घोळतंय, त्याचंही उत्तर देऊन टाकतो: होय, अंगण मोठं आहे, मागे ओढा आहे आणि भाडं अगदी नाममात्र आहे.